गाडी धावावी, पण थांबावीही



कापूस-ज्वारीत भागेना, म्हणून आपली पोरं चाकणच्या कारखान्यांत गेली. त्या चाकणला आजही रेल्वे नाही. पुण्याला उतरायचं, पुढं मिळेल त्या वाहनात दाटीवाटीनं जायचं. पुणे-नाशिक रेल्वे चाकणवरून २३५ किलोमीटरची आखली, वेग ताशी २०० सांगितला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होतो म्हटल्यावर आखणी अडली. दुर्बीण जपा, आमची ना नाही. मग खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याची विहीरही तशीच जपा. वेगाला आमचा विरोध नाही. जमिनीला बाजाराचा भाव द्या. गाडी चाकणला थांबवा, तिकीट मजुराला परवडू द्या. जमीन आमची आणि वेग दुसऱ्याचा, हे आम्ही चालू देणार नाही.