शाळेबाहेरचे ग्रंथकार

(एका खेडेगांवच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत तेथील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज आपल्या वाचनालयांत तीन नव्या तसबिरी लागल्या: अण्णाभाऊ साठे, बहिणाबाई चौधरी आणि नारायण सुर्वे. या तिघांच्या चरित्रांविषयीं व ग्रंथांविषयीं आम्हीं चार शब्द सांगावे अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही कांहीं पंडित नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांत दोन वर्षें काढून गांवच्या शाळेंत लागलेले मास्तर आहों, आणि वीस वर्षें खडू-फळ्याशीं झुंजत आलों आहों. तेव्हां आमचें बोलणें विद्वत्तेचें होणार नाहीं. पण एका प्रश्नाचें उत्तर आम्ही पुष्कळ दिवस शोधीत होतों, तें या तिघांपाशीं सांपडलें. तेवढें आपणांपुढें ठेवतों.

प्रश्न असा. दोन वर्षांमागें दिवाळी होतांच ऊसतोडीच्या टोळ्या गांवांतून निघाल्या. आमच्या सातवीच्या वर्गांतली एक चांगली मुलगी सामानासह ट्रकांत बसलेली आम्हीं पाहिली. आम्ही धांवत गेलों आणि तिच्या बापास म्हणालों, "भाऊ, हिला आजीपाशीं ठेव. सहा महिने गेले तर हिचें वर्ष बुडेल." तो म्हणाला, "गुरुजी, आजी बी आमच्यासंगंच हाय. अन् तुमीच जयंतीला सांगितलं न्हवं, अण्णाभाऊ दीड दिस साळंत गेलं म्हणून? तरी त्येंचं नाव जगात झालं. माझी पोरगी सात वर्सं साळंत जाती, तिचं काय झालं?" ट्रक निघून गेला. आम्ही रस्त्यावर उभे राहिलों. जयंतीच्या दिवशीं टाळ्या मिळाव्यात म्हणून जें वाक्य आम्हीं उच्चारलें होतें, तेंच आमच्या तोंडावर येऊन आदळलें!

हा बाप मूर्ख आहे असें कोणीं समजूं नये. त्यानें आमचें भाषण नीट ऐकलें होतें आणि त्यांतून निघणारा सरळ अर्थ काढला होता. चूक सांगणाऱ्याची होती. थोरांचें चरित्र अर्धें सांगितलें कीं असें होतें. म्हणून आज तें पुरें सांगूं.

प्रथम अण्णाभाऊ. सध्यांच्या सांगली जिल्ह्यांतील वाळवें तालुक्यांत वाटेगांव आहे. तेथें १ ऑगस्ट १९२० रोजीं मांग समाजांत त्यांचा जन्म झाला. मूळ नांव तुकाराम. शाळा दीड दिवसाची झाली, ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. पण ती दीडच दिवसाची कां झाली, हें आपण विचारीत नाहीं. वेशीबाहेरच्या पोराला त्या वेळच्या शाळेंत जी वागणूक मिळे, ती सोसून दुसरा दिवस पुरा करणें कठीण होतें. यांत अण्णाभाऊंची थोरवी काय? तो त्या शाळेचा कलंक आहे, आणि आम्ही मास्तर लोक तोच कलंक टाळ्यांसाठीं मिरवीत आलों!

पुढें दारिद्र्यामुळें हें कुटुंब पायीं चालत मुंबईस गेलें. तेथें या मुलानें मिळेल तें काम केलें, गिरणींत मजुरी केली. आणि अक्षरें? तीं त्यानें दुकानांच्या पाट्यांवरून आणि सिनेमाच्या जाहिरातींवरून जुळवून घेतलीं. म्हणजे त्याची शाळा सुटली, पण शिकणें सुटलें नाहीं. एक अक्षर ओळखीचें झालें कीं दुसऱ्याच्या मागें लागावयाचें, असें करीत हा माणूस वाचावयास शिकला, आणि वाचतां वाचतां लिहावयास लागला. १९४४ सालीं त्यांनीं शाहीर अमर शेख व शाहीर गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभें केलें. पोवाडे रचले, तमाशाला लोकनाट्याचें नवें रूप दिलें, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत डफावर थाप मारून गांवेंच्या गांवें जागीं केलीं. तिसांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली 'फकिरा' १९५९ सालीं निघाली. ती त्यांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस अर्पण केली, आणि १९६१ सालीं तिला राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं ते रशियांत जाऊन आले व त्या प्रवासाचें पुस्तक लिहिलें. घाटकोपरच्या चिरागनगरांतील झोपडींत बसून यांतलें पुष्कळसें लेखन झालें. १८ जुलै १९६९ रोजीं ते हलाखींत वारले, आणि २०२२ सालीं मॉस्को शहरांतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयांत त्यांचा पुतळा बसला. तेव्हां ज्यास कोणास अण्णाभाऊंचा दाखला द्यावयाचा असेल, त्यानें दीड दिवसाबरोबर त्यांच्या पुढच्या तीस वर्षांच्या वाचनाचाही दाखला द्यावा.

आतां बहिणाबाई. त्यांचें चरित्र तर आमच्या त्या ऊसतोड्या बंधूला अधिकच अनुकूल वाटेल, कारण बहिणाबाईंना एकही अक्षर येत नव्हतें. जळगांवाजवळ असोदें येथें १८८० सालीं एका शेतकरी घरांत त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथूजी चौधरींशीं लग्न झालें. तिसाव्या वर्षीं वैधव्य आलें. पदरीं लहान मुलें, शेत, गुरें, आणि भाऊबंदकीचा संसार. जात्यावर बसल्या कीं गाणें, निंदणी-खुरपणीला गेल्या कीं गाणें. पेरणी, मळणी, सुगरणीचा खोपा, माणसाचें मन, सासर-माहेर, जें डोळ्यांनीं पाहिलें आणि अंगानें सोसलें त्यावर त्यांनीं घरच्या बोलींत गाणीं रचलीं. मोठमोठ्या ग्रंथांचा अभ्यास करूनही जें शहाणपण पुष्कळांस सांपडत नाहीं, तें या बाईला चुलीपुढें सांपडलें.

परंतु बंधूंनो, तीं गाणीं आज आपल्या हातीं कशीं आलीं? बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव हे शिकलेले होते, स्वतः कवि होते. आईच्या तोंडचीं गाणीं त्यांनीं आणि एका नातेवाइकानें वेळोवेळीं कागदावर उतरून घेतलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली. अत्र्यांनीं तिचें मोल ओळखलें आणि १९५२ सालीं पुस्तक प्रसिद्ध झालें. तें बाईंनीं पाहिलें नाहीं. आज जळगांवच्या विद्यापीठाला त्या निरक्षर बाईचें नांव आहे!

येथें घटकाभर थांबून विचार करा. महाराष्ट्रांत घरोघर जातें होतें. त्या प्रत्येक जात्यावर पहांटे कोणी ना कोणी बाई गात होती. त्यांत बहिणाबाईंच्या तोडीची एकही दुसरी नसेल काय? आमच्यानें तसें म्हणवत नाहीं. याच गांवच्या कुठल्या तरी घरांत ती होऊन गेली असेल. पण तिचा मुलगा निरक्षर होता, तिची सून निरक्षर होती, आणि जो एक लिहिणारा वाड्यावर बसला होता तो तिचें गाणें लिहून घेण्यास खालीं उतरणार नव्हता. तिचीं गाणीं तिच्याबरोबर सरणावर गेलीं. बहिणाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःची, त्यांत शाळेचा छदामही नाहीं. पण ती आपल्यापर्यंत पोहोंचली ती मुलाच्या अक्षरानें.

तिसरे नारायण सुर्वे. यांना जन्म देणारे आईबापही ठाऊक नाहींत. १९२६ सालीं मुंबईच्या गिरणगांवांत टाकून दिलेलें एक तान्हें मूल गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारानें उचललें आणि आपलें नांव देऊन वाढविलें. कामगाराच्या मिळकतींत चौथीपर्यंत शाळा झाली. मग घरगडी, हॉटेलांत पोऱ्या, गिरणीकामगार, शाळेंत शिपाई, असे फेरे झाले. पण या माणसानें काय केलें? मोठ्या वयांत सातवीची फायनल परीक्षा दिली, आणि मुंबई महापालिकेच्या शाळेंत शिक्षक झाला. ज्यानें घंटा वाजविली तोच पुढें वर्गांत शिकवावयास उभा राहिला. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा, आणि 'माझे विद्यापीठ' १९६६ चा. १९९५ सालीं परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ सालीं पद्मश्री मिळाली, आणि १६ ऑगस्ट २०१० रोजीं ते वारले. रस्त्याला विद्यापीठ म्हणणाऱ्या या कवीनें शाळेला मात्र कधीं पाठ दाखविली नाहीं, हें ध्यानांत ठेवा.

तर आतां त्या बापाच्या प्रश्नाचें उत्तर. त्याचें निम्में म्हणणें खरें आहे. प्रतिभा ही शाळेची मिरास नाहीं, आणि कोणा एका जातीची तर नाहींच नाहीं. ती मांगवाड्यांत, कुणब्याच्या शेतांत, गिरणीच्या फाटकाशीं कोठेंही जन्मते. पण अक्षर हातीं नसेल तर ती जन्मते तेथेंच पुरली जाते. एकानें अक्षर पाट्यांवरून ओढून घेतलें, एकीला तें मुलाच्या हातून मिळालें, एकानें तें मोठेपणीं परीक्षा देऊन मिळविलें. अक्षरावांचून तिघांपैकीं एकाचेंही नांव आज आपणांस कळलें नसतें.

आणि शाळेचें दार खरोखर उघडलें तर काय होतें, याचाही पुरावा आहे. जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली आणि पुढें आणखी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंतली मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. १८५५ सालीं, अवघ्या कांहीं वर्षांच्या शिक्षणावर, तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो 'ज्ञानोदया'नें छापला. पिढ्यान्‌पिढ्या मुक्या ठेवलेल्या समाजाला बोलावयास थोडीं वर्षें पुरलीं. तो निबंध आजही वाचला जातो.

आतां थोडें आम्हां मास्तरांविषयीं. बहिणाबाईंची बोली एखाद्या मुलीनें आमच्या वर्गांत निबंधांत लिहिली असती, तर आम्हीं ती लाल शाईनें खोडून 'अशुद्ध' असा शेरा मारला असता. खोटें कशाला सांगावें? वीस वर्षांत आम्हीं तसे शेरे शेंकडों मारले आहेत. मुलाच्या घरीं कोण काय गातें, कोण काय गोष्ट सांगतें, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. हजेरीपटावर सहा महिने 'गैरहजर' लिहिलें कीं आमचें काम संपलें. ज्या शाळेंत घरच्या बोलीला लाज वाटते, त्या शाळेनें आपलें काय केलें, असें बापानें विचारलें तर त्याला दोष कसा द्यावा?

ती मुलगी चैत्रांत परत आली. दप्तरांत एक वही होती. वहीच्या एका बाजूनें आजीच्या ओव्या होत्या. कोपींत रात्रीं आजी गाई आणि ही बॅटरीच्या उजेडांत लिही. आम्हीं तिला तसें सांगितलें नव्हतें, तिचें तिलाच सुचलें. वही उलटी केली तर दुसऱ्या बाजूनें उसाच्या टनांचा हिशेब! रोजची तारीख, किती खेपा, किती वजन. हंगामाच्या अखेरीस मुकादमानें उचल फिटली नाहीं असें सांगितलें, तेव्हां बापानें ती वही पुढें ठेवली. मुकादमाच्या कागदांत अकरा टन कमी होते. ते त्याला मान्य करावे लागले.

बापानें आम्हांस "गुरुजी, तुमचं खरं होतं" असें म्हटलें नाहीं. पण जूनमध्यें आठवीला मुलीचें नांव घालावयास तो स्वतः आला, आणि गेल्या दिवाळींत तिला मावशीकडे ठेवून गेला. यंदा मावशीच्या घरीं अडचण आहे. दिवाळी महिन्यावर आली. मुलगी नववींत आहे. तिला कोठें ठेवावयाचें, हें अजून ठरलें नाहीं. आणि ती एकटी नाहीं, अशीं नऊ मुलें या गांवांत आहेत.

म्हणून आमची विनंति दोन गोष्टींची. हंगामी वसतिगृहासाठीं अर्ज आम्ही करतों, त्याचा पाठपुरावाही करतों. परंतु तें सुरू होईपर्यंत या नऊ मुलांना भाकरी आणि निजावयास जागा देणारीं नऊ घरें या सभेंतून उभीं राहिलीं पाहिजेत. जात विचारणारें घर आम्हांस नको. दुसरी गोष्ट, या वाचनालयांत एक कोरी वही ठेवावी. गांवांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या, गाणीं व गोष्टी मुलांनीं ऐकून तींत जशाच्या तशा, त्यांच्याच बोलींत उतराव्या. त्या वहीवर आमची लाल शाई चालणार नाहीं, अशी हमी आम्ही देतों.

हें झालें नाहीं, तर या तीन तसबिरींना दरवर्षीं हार घालण्याचा आपणांस कांहीं अधिकार नाहीं. समारंभ संपल्यावर आम्ही दाराशीं कागद घेऊन बसणार आहों. ज्यांना मूल ठेवून घ्यावयाचें असेल त्यांनीं आपलें नांव लिहावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांनीं नुसतें सांगावें, ती मुलगी लिहून घेईल.