राजनाल्याकाठचे आजोबा

कर्जतजवळच्या आमच्या घरातले आजोबा नव्वदी ओलांडून गेले. बोलणं इतकं कमी, की नवखे पाहुणे आजीला हळूच विचारायचे, "यांना बरं नाही का?"

त्यांचं सगळं हातात होतं. वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा: शेण, पाला, गवत आणि वर मातीचा पातळ थर. वारा पडलेला बघून ते राब पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, सावकाश धुमसते. तणाचं बी जळतं, राख रोपाला मिळते. पाल्यासाठी झाडं छाटली जातात म्हणून या पद्धतीवर टीका होते, ती रास्तच आहे.

उन्हाळी भाताला मात्र राजनाला कालव्याचं पाणी. १९२२ साली टाटांचं भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. वीज करून सुटलेलं पाणी या कालव्यातून कर्जतच्या शेतांत येतं. शेजारी खालापुरात खोपोलीच्या १९१५ च्या वीजघरानं पाताळगंगेला असंच उन्हाळ्यातही वाहतं ठेवलं. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तरी आजोबा कुणाला उठवत नसत. कंदील, फावडं, आणि बांधाच्या तोंडावर टाचेनं दाबून बसवलेलं मातीचं ढेकूळ.

आत्या खालापूरला दिलेली. तिच्याकडे जाताना पिशवीत नवे तांदूळ आणि रंधा. पावसानं फुगलेलं दार चहाआधी तासून व्हायचं, मग पाटावर बसणं. त्या दाराची खालची कड अजून एका बाजूला जरा जास्तच तासलेली दिसते. मांजर तिथूनच आत येतं.