निरोप पोंचविणाऱ्याचा सोबती

घराच्या दारावर पोलिसाची थाप पडली म्हणजे कोणत्याहि देशांत माणसाच्या काळजांत धस्स होतें. पण थाप मारणाऱ्याच्या मनांत त्या क्षणीं काय चाललेलें असतें, याचा विचार क्वचितच होतो. खुनांत किंवा अपघातांत दगावलेल्या मुलाची वार्ता त्याच्या आईला सांगणें, हें पोलिसाच्या कामांतील अत्यंत अवघड काम होय. अमेरिकेंत अशा वेळीं पुष्कळदां त्याच्याबरोबर आणखी एक मनुष्य असतो. त्यास तिकडे चॅप्लेन म्हणतात. भारतीय सैन्यांत जसे धर्मशिक्षक असतात, तसाच हा पोलीसदलाचा धर्मोपदेशक. मात्र अशा प्रसंगीं उपदेश करणें हें त्याचें काम नव्हे.

या कार्याची कठोर कसोटी ओक्लाहोमा शहरांत लागली. ता. १९ एप्रिल १९९५ रोजीं सकाळीं तेथील एका मोठ्या सरकारी इमारतीपुढें उभ्या केलेल्या मोटारींत प्रचंड स्फोट झाला. १६८ माणसें मृत्युमुखीं पडलीं; त्यांत १९ मुलें होतीं. ढिगारा उपसण्याचें काम दोन आठवड्यांहून अधिक चाललें. तोंवर नातलग जवळच्या एका ख्रिस्तमंदिरांत वाट पाहात होते. प्रेताची ओळख पटली कीं निरोप सांगावयास लहानशी तुकडी जाई; तींत धर्मोपदेशकहि असे.

या कामाचे नियम साधे आहेत. निरोप समक्ष द्यावा, विलंब लावूं नये, एकट्यानें जाऊं नये, आणि शब्द स्पष्ट असावेत. गुळमुळीत बोलल्यानें खोटी आशा तग धरते. म्हणून ‘तो मरण पावला’ असेंच सांगावें लागतें. ‘देवाची इच्छा’ हे शब्द जाणता धर्मोपदेशक कटाक्षानें टाळतो, कारण शोकाकुल मातेस त्यांत देवच अपराधी दिसूं लागतो. तो पाणी देतो, कोणास बोलवावयाचें तें विचारतो, आणि स्वस्थ बसून राहातो. समोरचें घर कोणत्या धर्माचें, हें तो पाहात नाहीं. महाराष्ट्रांत समाचाराला जाणारा वडीलधारा मनुष्य याहून निराळें काय करतो?

पुढें पोलीस चौकीवर परत येतो. वरिष्ठापाशीं मन मोकळें करावें तर बढतीची धास्ती, सोबत्यांपाशीं करावें तर हंसें होण्याची, आणि घरीं बोलावें तर पत्नीची झोंप उडते. धर्मोपदेशक हुकमाच्या उतरंडीबाहेर असतो. आपलें बोलणें वरिष्ठांच्या कानीं जाणार नाहीं, हा शिपायाचा विश्वास हेंच त्याचें भांडवल.

त्याच शहरांतील एका सार्जंटनें ढिगाऱ्यांतून चौघांना जिवंत बाहेर काढलें होतें. शौर्यपदक मिळावयास थोडेच दिवस उरले असतां, मे १९९६ मध्यें त्याचा अंत झाला. सरकारी निर्णय आत्महत्येचा होता. एखाद्याच्या अंतःकरणांतील सर्व कारणें परक्यास कळत नाहींत. परंतु पदकानें समाजाची कृतज्ञता व्यक्त झाली तरी मनावरचें ओझें उतरतेंच असें नाहीं, एवढें त्यावरून ध्यानांत येतें. धर्मोपदेशक वैद्य नव्हे. म्हणूनच खचलेल्या माणसास वेळींच मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणें, हाहि त्याच्या कर्तव्याचा भाग ठरतो.

दुःखाची वार्ता ऐकणाऱ्याजवळ शेजारीपाजारी जमतात. ती वार्ता घेऊन येणाऱ्याजवळ बसावयासहि कोणी तरी असावें, एवढीच या व्यवस्थेमागील समजूत आहे.