अल्पखर्चात डिजिटल छायाचित्रण



छायाचित्रण ही एके काळी श्रीमंतांची हौस आणि मोजक्या व्यावसायिकांची विद्या मानली जात असे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली व पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होत. परंतु काचा, रसायने आणि अंधारी खोली यांचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढे फिल्म आली, तरीही छत्तीस चित्रांचा एक रोळ, तो धुण्याची मजुरी आणि प्रतींची किंमत, असे प्रत्येक चुकीचे मोल रोख मोजावे लागे. ती चूक कळायचीही आठवड्याने. तोवर तो प्रकाश आणि तो प्रसंग निघून गेलेला असे.

१९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. त्या अवजड पेटीचे वंशज आज खेड्यापाड्यांतील खिशांत पोहोचले आहेत. चित्र टिपण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला असून चूक तत्काळ डोळ्यांसमोर दिसते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी सवलत कोणती?

गरज कोणाला?

ही विद्या आता केवळ हौसेची राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र काढतो व ते पीक नोंदीचा आधार ठरते. घरकुल असो, बंधारा असो वा शाळेची नवी खोली असो, कामाच्या टप्प्याटप्प्याची छायाचित्रे मागितली जातात. चित्र हलले, काळवंडले किंवा त्यात सोयाबीन कोणते आणि तण कोणते हे कळेनासे झाले, तर खऱ्या कामाचा पुरावाही लंगडा पडतो. म्हणून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामसेवक यांना हे कौशल्य हिशेबाच्या वहीइतकेच उपयोगी आहे.

हाताशी असलेले साधन

नवशिक्याने प्रथम बाजाराची वाट धरू नये. सहा इंच बाय चार इंच आकाराची उत्तम प्रत छापण्यास इंचाला तीनशे बिंदू या हिशेबाने १,८०० गुणिले १,२०० म्हणजे सुमारे बावीस लाख बिंदू लागतात. बारा मेगापिक्सेलच्या साध्या मोबाईलमध्ये एक कोटी वीस लाख बिंदू असतात. तेव्हा अधिक मेगापिक्सेलच्या मोहाने पैसा खर्च करण्याचे कारण नाही.

बिनखर्चाची सुधारणा भिंगापासून सुरू होते. खिशातील धूळ आणि बोटांचा तेलकटपणा यांमुळे चित्र धुरकट येते. मऊ, स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसले की निम्मी तक्रार मिटते. दूरची वस्तू बोटांनी ताणून मोठी करण्यापेक्षा चार पावले पुढे जावे. वेगळे दूरदर्शी भिंग नसेल, तर ती ताणाताण म्हणजे चित्राची कापाकापीच असते. ज्या वस्तूचे चित्र घ्यावयाचे तिच्यावर पडद्यावर बोट दाबून धरल्यास बहुतेक मोबाईलमध्ये स्पष्टता आणि उजेड तेथे स्थिर होतात. हात हलत असेल तर वाळूने किंवा धान्याने भरलेली लहान पिशवी भिंतीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा. तिकाटण्याचे काम ती निभावते.

प्रकाश हाच गुरू

छायाचित्रणाचा खरा गुरू प्रकाश होय आणि तो फी घेत नाही. एक तांब्या खिडकीशी ठेवावा व सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीपूर्वी त्याची चित्रे घ्यावीत. तीच वस्तू तीन वेगळ्या रूपांत दिसेल. उजेड बाजूने आला की गोलाई उठून दिसते, समोरून आला की वस्तू सपाट भासते, पाठीमागून आला की कडा उजळतात पण चेहरा काळवंडतो. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली कठोर सावल्या पडतात. त्याच माणसाला ओसरीच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसवावे. सावली मृदू करण्यासाठी पांढरा थर्माकोल किंवा धुतलेले धोतर समोर धरले तरी पुरते. हा पाठ आठवडाभर केला, तर महागड्या दिव्यांची उणीव भासत नाही.

तीन कळा

उजेड आवरण्याच्या कळा तीन. पहिली भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर. दुसरी पडदा किती काळ उघडा राहतो ती, म्हणजे शटरचा वेग. तिसरी संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ. छिद्राचे आकडे ४, ५.६, ८, ११ असे चढतात आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेले तरी उजेड निम्माच होतो. उलट आयएसओ १०० चा २०० केला की तेवढ्याच उजेडात चित्र दुप्पट उजळ येते. एका कळीने कमी केले ते दुसरीने भरून काढायचे, इतके हे गणित सोपे आहे. शाळेतील त्रैराशिकाहून ते अवघड नाही.

मात्र प्रत्येक कळीची किंमत असते. आयएसओ फार वाढवला की चित्रात रवाळपणा येतो. छिद्र मोठे ठेवले की मागचा भाग अंधुक होतो. शटर मंद ठेवले की हालचाल पसरते. लेझीम खेळणारी मुले टिपावयाची तर १/५०० सेकंद हवा. ओढ्याचे पाणी रेशमासारखे दाखवावयाचे तर पाव सेकंद चालेल, पण त्या वेळी कॅमेरा दगडावर टेकलेला असावा. बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र स्थिर असते. परंतु ‘प्रो’ नावाची सोय असल्यास उरलेल्या दोन्ही कळा हाती येतात.

पूर्वीचा विद्यार्थी प्रत्येक चित्राचे आकडे वहीत टिपून ठेवी. आता कॅमेरा ती नोंद स्वतःच करतो. चित्राच्या तपशिलात तारीख, वेळ, शटर, छिद्र आणि आयएसओ हे सारे लिहिलेले असते. फसलेले चित्र पुसून टाकण्यापूर्वी त्याचे आकडे वाचण्याची सवय लागली, तर कोणत्याही वर्गाहून अधिक शिक्षण त्यातून मिळते.

छत्तीस चित्रांचा नेम

फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, हा डिजिटलचा दोष आहे. एका बैलगाडीची शंभर चित्रे निघतात आणि एकही पाहण्याजोगे नसते. यावर जुन्या रोळाचाच उपाय आहे. आठवड्यातून एक दिवस फक्त छत्तीस चित्रे घेण्याचा नेम करावा. त्यांतून तीन निवडावीत आणि निवडीचे कारण एका वाक्यात लिहावे. शाळेत पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट करून एकमेकांची निवड तपासल्यास हा पाठ खेळासारखा रंगतो.

फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते. १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल उभे करताना त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व रोपाची वाढ दिवसामागून दिवस, महिन्याहून अधिक काळ, एकेक चित्राने टिपली. ‘अंकुराची वाढ’ या त्या लहानशा चित्रफितीने भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. तीच जागा, तोच कोन, वेगळा काळ, एवढेच त्या प्रयोगाचे तंत्र होते.

गावाला याच तंत्राची गरज आहे. नाला खोल करण्यापूर्वी एका ठराविक दगडावर उभे राहून चित्र घ्यावे. काम चालू असताना, पहिल्या पावसानंतर आणि पुढील उन्हाळ्यात त्याच दगडावरून पुन्हा घ्यावे. मापाचा अंदाज यावा म्हणून चौकटीत खुणा केलेली काठी उभी करावी. असा संच ग्रामसभेत मांडला, तर काम झाले की नाही या वादाला जागा उरत नाही. मात्र भिंतीची तडकलेली बाजू चौकटीबाहेर ठेवणे म्हणजे खोटी नोंद करणेच होय. कॅमेरा स्वतः खोटे बोलत नसला, तरी धरणारा हात त्याला बोलावयास लावू शकतो.

जुना कॅमेरा घेताना

मोबाईलवर वर्षभर हात बसल्यानंतर कॅमेऱ्याची ओढ लागली, तर वापरलेला घ्यावा. शटर किती वेळा उघडले त्याचा आकडा विचारावा. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. कोकणातील दमट हवेत ही तपासणी विशेष आवश्यक. पन्नास मिलिमीटर व १.८ छिद्राचे साधे भिंग तुलनेने स्वस्त असून अल्प उजेडात उत्तम काम देते. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. शाळा वा सार्वजनिक ग्रंथालय यांनी एक कॅमेरा सामाईक ठेवला, तर अनेकांची सोय होईल.

चित्रे सुधारण्यासाठी गिम्प आणि डार्कटेबल ही संगणकावरील साधने विनामूल्य आहेत, तर मोबाईलवर स्नॅपसीड आहे. महत्त्वाची चित्रे निदान दोन ठिकाणी साठवावीत. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठवल्यास त्याचा आकार घटतो व आतील नोंदी गळतात, म्हणून कार्यालयीन चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

शेवटी एक मर्यादा. शेतात राबणारी स्त्री, दवाखान्यातील रुग्ण, शाळेतील मूल ही कोणाच्या नोंदवहीची सामग्री नव्हेत. परवानगी विचारावी, काढलेले चित्र त्यांना दाखवावे आणि नकार मिळाल्यास कॅमेरा खाली घ्यावा. या शिक्षणास पैसा थोडा लागतो. डोळा, सराव आणि माणसाविषयीचा आदर मात्र भरपूर लागतो. हे तिन्ही ज्या गावात आहेत, त्या गावाचा इतिहास त्याचे रहिवासीच लिहू शकतील.