शिट्टी बारीक करा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत टेबलाच्या कोपऱ्यात एक जड पेटी असायची. वर मोठी तबकडी, दोन-चार बटणं, पुढे लोंबणारी वायर. तो सिग्नल जनरेटर. ४५५ किलोहर्ट्झची लहर काढायची, तिच्यावर ४०० हर्ट्झचा सूर चढवायचा आणि स्पीकरमधली शिट्टी ऐकत रेडिओच्या आयएफटीचे, म्हणजे मधल्या कंप्रतेच्या ट्रान्सफॉर्मरचे, स्क्रू फिरवायचे, ही अलाइनमेंटची रीत.

नवशिक्याला वाटायचं, शिट्टी मोठी तितकं काम सोपं. मुरलेला कारागीर त्याला पहिल्यांदा सांगायचा, ‘आऊटपुट कमी कर.’ रेडिओत एव्हीसी असते. सिग्नल जोरात आला की ती आपणहून आवाज दाबते. मग स्क्रू नेमका जागेवर आला काय किंवा थोडा सरकला काय, कानाला फरक कळत नाही. म्हणून एकेक आयएफटी जुळत गेली की जनरेटर आणखी खाली आणायचा.

खाली म्हणजे किती? आपलं मुंबईचं रेडिओ केंद्र १९२७ साली दीड किलोवॅट शक्तीवर सुरू झालं. जनरेटरचा हिशेब मिलिवॅटपासून पुढे उतरतो. एक मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम. दर दहा डीबीला शक्ती दहावा हिस्सा उरते. चांगला जनरेटर उणे १२० डीबीएमपर्यंत सहज जातो. तिथे मिलिवॅटचा एक लाख कोटीवा भाग उरतो, ५० ओहमवर मायक्रोव्होल्टचा जेमतेम पाव हिस्सा. एवढं थोडं थेट निर्माण करत नाहीत. आत लहर दणकट आणि स्थिर ठेवतात, मग रोधांच्या टप्प्यांतून उतरवतात. हा ॲटेन्युएटर. बटण फिरवताना आत टक्-टक् वाजतं ते त्याचे रिले.

पण ॲटेन्युएटरकडे येणारी लहरच कमीजास्त झाली तर? स्वस्त पेटीत तसंच व्हायचं. कंप्रता बदलायला तबकडी फिरवली की आऊटपुटही हलायचं. चांगल्या उपकरणात एक डायोड लहर सतत मोजतो, ठरवलेल्या पातळीशी तुलना होते आणि फरक लगेच भरून काढला जातो. या व्यवस्थेला एएलसी म्हणतात.

खरी गंमत इथून पुढे. एएम म्हणजे लहरीची उंची आवाजाबरोबर हलवणं, आणि एएलसीचा बाणा तर उंची हलू न देण्याचा! दोघांचं जमवायचं कसं? अभियंत्यांनी आवाज थेट त्या ठरवलेल्या पातळीवरच चढवला. आता पातळीच हलते आणि एएलसी इमानानं तिच्यामागे जाते, म्हणजे तीच मॉड्युलेशन करते. मला ही युक्ती फार आवडते. मात्र एएलसीचा वेग पुरेसा हवा, आणि शक्ती राखून ठेवायला हवी: शंभर टक्के मॉड्युलेशनला लहरीचं शिखर चौपट शक्तीचं, म्हणजे सहा डीबी वर जातं. कमाल तेरा डीबीएम देणाऱ्या जनरेटरनं एएमच्या वेळी सातवरच थांबावं. एफएममध्ये उंची नव्हे, कंप्रता हलते, त्यामुळे एएलसीची तक्रार नसते. तिथलं भांडण कंप्रता जखडून ठेवणाऱ्या पीएलएलशी.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. १९६२ साली स्थापन झालेली ॲप्लॅब ही कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये चाचणीची उपकरणं बनवत असे.

शेवटी हाताशी जुना जनरेटर असणाऱ्यांसाठी एक परीक्षा. ॲटेन्युएटर पार तळाला न्या आणि वायर रेडिओपासून काढा. तरीही शिट्टी ऐकू येत असेल, तर लहर पेटीच्या फटींतून, नाहीतर मेन्सच्या वायरीतून निसटते आहे. तेव्हा ॲटेन्युएटरवरचे उणे १०० वगैरे आकडे विसरा. आधी झाकणाचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का ते पाहा.