पाणी चुकत नसते

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

फेब्रुवारीचा शेवट जवळ आला की शाळाशाळांतून विज्ञान-सप्ताहाची धांदल सुरू होते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो नवा परिणाम गवसला, ज्यासाठी १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो आणि त्याच्या मागेपुढे आपण एक आठवडा साजरा करतो. साजरा करण्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र साजरा काय करावयाचा, याविषयी एका जुन्या शिक्षकाला चार शब्द बोलावयाचे आहेत.

या सप्ताहाचे नेहमीचे दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सभागृहात टेबलांच्या रांगा, त्यांवर थर्माकोलचे ज्वालामुखी, विकत आणलेल्या सूर्यमाला आणि वडिलांनी रात्री जागून चिकटविलेले पूल. प्रत्येक टेबलामागे इस्त्रीच्या गणवेशातील एक मूल उभे असते. पाहुणे समोर आले की ते पाठ केलेली माहिती म्हणू लागते. मधेच कोणी प्रश्न विचारला तर ते क्षणभर गोंधळते आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते. त्या मुलाचा यात काही दोष नाही. आपण त्याला बोलावयास शिकविले आहे, पाहावयास शिकविलेले नाही.

दुसऱ्याचे दोष काढण्यापूर्वी मी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी इंदुरातील एका शाळेत विज्ञान शिकवीत असे. एकदा पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग होता. मुलांचे चार गट, चार चंचुपात्रे आणि एकाच पेटीतून काढलेले चार तापमापक. प्रयोग संपल्यावर मी वह्या तपासावयास घेतल्या. तीन गटांनी १०० अंश लिहिले होते. चौथ्या गटाच्या मुलीने लिहिले होते ९८. मी लाल शाईने ९८ वर काट मारली, वर १०० लिहिले आणि दोन गुण कापले. मुलगी अबोल होती. तिने वही हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि हळूच विचारले, “सर, मग पाणी चुकलं का?”

वर्ग हसला. मीही हसलो. “पाणी नाही, तू चुकलीस,” असे म्हणून मी पुढच्या वहीकडे वळलो.

तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. तोच तापमापक प्रथम वितळत्या बर्फात धरला. तो बरोबर शून्यावर आला. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरला. पारा ९८ पर्यंत चढला आणि तेथेच थांबला. दिवा मोठा केला, दहा मिनिटे वाट पाहिली, तरी तो हलला नाही. चारही तापमापकांनी तेच सांगितले.

कारण अवघड नव्हते. ते मला पाठही होते, केवळ वापरता आले नव्हते. पाणी उकळते म्हणजे त्याच्या आत वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि बाहेरच्या हवेचा दाब सोसून टिकून राहतात. जेथे हवेचा दाब कमी, तेथे पाण्याला तितके तापावे लागत नाही. आपण समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जातो, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते, आणि साधारण दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेव्हा इंदुरातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळणार. प्रेशर कुकरमध्ये नेमके याच्या उलट घडते. कोंडलेल्या वाफेमुळे दाब वाढतो, पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. पुस्तकातले १०० हे समुद्रकाठचे १०० होते. बाकीच्या तीन गटांनी तापमापक पाहिला नव्हता, पुस्तक पाहिले होते. खरा प्रयोग वर्गात एकीनेच केला होता, आणि शिक्षा तिलाच झाली.

मी दुसऱ्या दिवशी तिचे दोन गुण परत दिले. पण एक गोष्ट मला परत देता आली नाही. त्यानंतर वर्षभर तिच्या वहीत एकही उत्तर चुकले नाही. प्रत्येक निरीक्षण पुस्तकाशी तंतोतंत जुळत असे. ती आधी पुस्तक पाहून मग लिहू लागली होती. त्या स्वच्छ, निर्दोष वहीची मला आजही लाज वाटते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, या सप्ताहातील एक दिवस माध्यमिक शाळांनी याच प्रयोगाला द्यावा. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेली आपली गावे या कामी फार सोयीची आहेत. पणजी आणि वडोदरा समुद्रसपाटीच्या जवळ आहेत, तेथे पाणी १०० च्या अगदी जवळ उकळेल. ग्वाल्हेर सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, तेथे ९९ हून थोडे अधिक येईल. हैदराबाद आणि इंदूर येथे ९८ च्या आसपास. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर, म्हणजे तेथे साडेसत्त्याण्णव. आजच्या काळी एका शाळेचे निरीक्षण दुसऱ्या शाळेला मिनिटभरात कळविता येते. पाच गावांतील मुलांनी आपापले आकडे एका तक्त्यात मांडले, तर डोक्यावरच्या हवेला वजन असते, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही. तापमापक काचेचा असो वा विजेरीवर चालणारा, तो आधी वितळत्या बर्फात तपासून घ्यावा, आणि उकळत्या पाण्याशेजारी शिक्षकाने स्वतः उभे राहावे, एवढी दक्षता मात्र हवी.

दुसरा प्रयोग याहून स्वस्त आहे. त्याला लागते एक मीटर लांबीची सरळ काठी आणि ऊन. काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने उभी करावी आणि दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. २८ फेब्रुवारीला ग्वाल्हेरात ही सावली सुमारे ६८ सेंटिमीटर भरेल, हैदराबादेत सुमारे ४७. ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. तेथला खरा मध्यान्ह त्या दिवशी घड्याळाच्या बाराला नसून सुमारे साडेबाराला होतो, हेही मुलांना सावलीच दाखवून देईल. काठी आणि सावली लहान प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने कोन मोजावा. दोन गावांच्या कोनांत सुमारे पावणेनऊ अंशांचा फरक येतो. सूर्याचे किरण समांतर येतात. म्हणून हा फरक म्हणजे पृथ्वीच्या मध्यापाशी त्या दोन गावांमध्ये होणारा कोन, पूर्ण वर्तुळाचा सुमारे एकेचाळिसावा भाग. गावांमधील सरळ अंतर सुमारे ९८० किलोमीटर. त्याला ४१ ने गुणले की पृथ्वीचा परीघ निघतो, ४०,००० किलोमीटरच्या जवळपास. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एरातोस्थेनिसने याच युक्तीने पृथ्वी मोजली होती. मुलांच्या मोजणीत एका अंशाची चूक झाली, तर उत्तर ३६,००० किंवा ४५,००० येईल. येऊ द्यावे. चूक कोठून आली याचा शोध घेणे हाच त्या दिवसाचा धडा ठरेल.

सावलीवरून आकाश मोजण्याची परंपरा आपल्या मुलखाला नवी नाही. उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारली, आणि पडझड झालेल्या त्या यंत्रांची १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्ती करविली. तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे मराठीच होते. इंदूरच्या मुलांची सहल तेथे जातेच. पुढच्या वेळी त्यांनी तेथे केवळ छायाचित्रे काढून परत येऊ नये. सावलीवरून वेळ वाचावी आणि आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी.

प्राथमिक शाळांना तर यांहूनही कमी साहित्य पुरते. तीन वाट्यांत मूग घ्यावेत. एकीत कोरडे, एकीत ओल्या फडक्यावर, एकीत पाण्यात पूर्ण बुडविलेले. काय होईल हे मुलांनी आधीच लिहून ठेवावे आणि तीन दिवस रोज पाहावे. उसळीसाठी मूग पाण्यातून उपसून आई फडक्यात का बांधते, हे त्यांना आपोआप उमगेल. कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवावा आणि त्यावर साबणाचे पाणी सोडावे. पिवळ्याचे लाल होते, लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळे. हळदीपासून कुंकू कसे करीत, हे घरच्या आजीला विचारावे. मीटरभर दोऱ्याला आधी लहान दगड बांधून झोका द्यावा, मग मोठा. दोन्ही वेळा एका येरझारेला सुमारे दोनच सेकंद लागतात, हे पाहून मोठी माणसेही चकित होतात.

कोणी म्हणेल, हे सारे आठवडाभर ठीक आहे, वर्षभर कसे चालावे? त्याचे उत्तर आमच्या मध्यप्रदेशातच मिळाले आहे. होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, या जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली. खेड्यांतील साध्या सरकारी शाळांत मुले गटागटाने प्रयोग करीत आणि आपल्या निरीक्षणांवर वाद घालीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहावयास मुभा होती, कारण प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसे. २००२ साली शासनाने हा उपक्रम बंद केला, याची खंत आहे. पण तीस वर्षे तो चालला. ‘आमच्याकडे साधने नाहीत’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापाशी त्यामुळे उरत नाही.

आता शिक्षक-बंधुभगिनींना आणि पालकांना थोडक्यात तीन विनंत्या. प्रत्येक प्रयोगाला प्रत्येक मुलाचा हात लागावा, एकाने करावयाचे आणि चाळीस जणांनी पाहावयाचे असे नसावे. जे दिसले तेच वहीत लिहावे, आणि ते पुस्तकाशी जुळले नाही तर प्रयोग पुन्हा करावा, आकडा बदलू नये. आणि या आठवड्यात गुण, क्रमांक, बक्षिसे काही नसावीत. शेवटच्या दिवशी पालकांना प्रदर्शन पाहावयास बोलावू नये. त्यांनाच काठी आणि मोजपट्टी हाती देऊन उन्हात उभे करावे. आपली मुले वर्षभर काय शिकतात हे त्यांना त्या अर्ध्या तासात समजेल.

श्रोतेहो, ती मुलगी आता मोठी झाली असेल. कदाचित तिची मुले या सप्ताहात भाग घेत असतील. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी वर्गात, सर्वांदेखत द्यावयास हवे होते. गुण मी गुपचूप परत केले, उत्तर दिले नाही. ते आज सर्वांदेखत देतो. पाणी चुकले नव्हते. तूही चुकली नव्हतीस. चूक माझी होती.