हातावर पोट असलेलं धरण

पावसाळ्यात आपल्या बातम्यांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं. खडकवासल्यातून मुठेत इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. आकडा ऐकला की भिडे पूल आज पाण्याखाली जाणार का, हे पुणेकर हातातला चहा संपायच्या आत सांगतो. पण पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि तरीही नदी बघता बघता फुगली तर?

8 जून 2014, रविवार. हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यात, बियास नदीच्या काठी थलौट नावाचं गाव आहे. हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची सहल मनालीकडे निघाली होती. संध्याकाळी ती इथे थांबली आणि मुलंमुली पात्रातल्या खडकांवर उतरली, फोटो काढायला. जूनमधली बियास, वर देखणी दरी. कोण उतरणार नाही? मग पाणी वाढलं. आधी घोट्याशी, मग कमरेशी. 24 विद्यार्थी आणि सहलीबरोबरचा एक जण वाहून गेले. त्यांचा शोध कितीतरी दिवस खालच्या पंडोह धरणाच्या जलाशयापर्यंत चालू होता.

वरच्या अंगाला लारजीचं धरण आहे. त्या संध्याकाळी ते फुटलं नव्हतं. भिंतीला तडा नव्हता, दरवाजे नीट चालत होते. भिंतीपुरतं बोलायचं तर धरण अगदी सुरक्षित होतं.

मग झालं काय? त्यासाठी या धरणाची जात समजून घ्यावी लागेल. आपलं कोयना धरण म्हणजे भरलेली कणगी. पावसाळ्यात 105 टीएमसी साठवायचं आणि वर्षभर बेतानं काढायचं. लारजी तसं नाही. ते वळवणारं धरण. नदीला भिंत घालून पाणी थोडं उचलायचं, बोगद्यात वळवायचं, खाली वीजघरात टर्बाइनवर पाडायचं आणि पुन्हा नदीत सोडायचं. साठा जेमतेम. आज आलं ते आजच वापरायचं. हातावर पोट असलेलं धरण म्हणा ना!

लारजीची क्षमता 126 मेगावॅट आहे आणि पाणी पडतं सुमारे 57 मीटरवरून. एवढ्या उंचीवरून एवढी वीज काढायची तर बोगद्यातून सेकंदाला दोनशेहून अधिक घनमीटर पाणी जावं लागतं. उन्हाळ्यात आपल्या गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तसे वीस टँकर, दर सेकंदाला. टर्बाइन पूर्ण जोरात चालू असते तेव्हा हे सगळं पाणी डोंगराच्या पोटातून जातं, आणि भिंतीपासून वीजघरापर्यंतचा नदीचा तुकडा रोडावलेला राहतो. खडक उघडे पडतात. परक्या माणसाला वाटतं, हीच नदी.

आता वीज नको झाली तर? वीज मोठ्या प्रमाणावर सहज साठवून ठेवता येत नाही, म्हणून मागणी आणि पुरवठा यांचा क्षणाक्षणाचा मेळ घालणारी एक कचेरी असते, लोड डिस्पॅच सेंटर. मागणी उतरली की ती वीजघरांना फोन करते, उत्पादन कमी करा. कोयनेला असा निरोप आला तर पाणी जलाशयात मुकाट्यानं थांबतं. लारजीत थांबायला जागा कुठे आहे? टर्बाइन मंद केली की तेच पाणी धरणाच्या दरवाज्यांतून थेट नदीत येतं. त्या संध्याकाळीही लारजीला उत्पादन कमी करायला सांगितलं गेलं होतं. कुठल्या तरी नियंत्रण कक्षात एक आकडा खाली आला आणि मैलोगणती दूर नदी वर आली.

हे प्रकरण हिमाचलच्या उच्च न्यायालयानं स्वतःहून हाती घेतलं. 2016 साली प्रत्येक मृत विद्यार्थ्याच्या आईवडिलांना 20 लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. सुनावणीत प्रश्न आला तो इशाऱ्याचा. लोकांना पाणी सोडल्याचं कळलं कसं असतं?

भोंगा, हे सोपं उत्तर. पण भोंग्याची एक गंमत आहे. गिरणगावात भोंगा झाला की पाळी बदलली, हे शेंबड्या पोरालाही कळायचं, कारण तो त्याच भोंग्यावर वाढलेला असायचा. काठावरच्या पहाडी माणसालाही कळतं. हैदराबादहून आलेल्या मुलाच्या कानावर तो पडला, तर त्याला वाटेल जवळ एखादा कारखाना असेल. शिवाय डोंगरातल्या नदीचा स्वतःचा आवाज इतका, की पात्रात उभं राहिलेल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.

2021 साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. त्याची मोजपट्टी मुख्यतः उंचीची. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. 10 ते 15 मीटरची, काही अटींत बसली तर. लारजी उंच आहे, त्यात बसतं. पण 25 मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प आपल्याकडे ‘लघु’ समजले जातात, आणि डोंगरी नद्यांवर त्यांतल्या कितीतरी ठिकाणी भिंत जेमतेम माणसाच्या उंचीची असते. काही ठिकाणी तर भिंतच नसते. पात्रात आडवा चर खणून त्यावर लोखंडी सळ्यांची जाळी टाकलेली असते, नदी त्या जाळीतून खाली उतरते. असा बंधारा फुटून गाव वाहून जायचं नाही, हे खरं. पण तिथलं यंत्र अचानक बंद पडलं, की इतका वेळ कालव्यात गेलेली नदी क्षणात परत आपल्या पात्रात येते. बंधारा केवढा आहे याच्याशी त्या येण्याचा संबंध नाही. पात्र किती कोरडं करून ठेवलं होतं, याच्याशी आहे. याला मोजपट्टी कुठली लावायची?

हिमाचलात किंवा उत्तराखंडात फिरायला गेलात तर नदीकाठी पाट्या दिसतील, पाणी कधीही वाढू शकतं म्हणून. पाटी नसली तरी खडक पाहा. पात्रातल्या दगडावर एक रेघ असते. तिच्या खालचा दगड घासलेला, स्वच्छ, आणि वर कोरडं शेवाळ, धूळ. पाणी रोज कुठवर येऊन जातं ते त्या रेघेवरून कळतं. काठावर गुरं चारणारा माणूस नेमका तिच्या वर बसलेला असतो.